घाटाखालची जुनी गिरणी घेण्यापूर्वी

सातारा आणि सांगली भागातील आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांकडून अलीकडे एकाच तऱ्हेची विचारणा होते. घाटाखाली, समुद्रापासून जवळ, एखादी जुनी गिरणी विकाऊ असते. मालकाने गिरणी बंद करून तिचे घर केलेले असते. जागा ऐसपैस, भिंती जाड, भोवती नारळ-सुपारीची चार झाडे, आणि भाव असा की सांगलीत तेवढ्या पैशात बरा फ्लॅटही मिळू नये. विचारणाऱ्यांत बागवान असतात, आतार असतात, मणियार असतात. काहींचा मुलगा आखातात असतो आणि त्याने पाठविलेला पैसा कोठे घालावा, हा घरातला प्रश्न असतो. "इसार देऊन येऊ काय?" एवढेच ते विचारतात.

आमचे उत्तर असे, की इसार सर्वांत शेवटी. गिरणीचे घर हे साधे घर नव्हे. तिची जमीन कागदावर शेताची असते, बांधकाम कारखान्याचे असते आणि राहणारा माणूस त्याला घर म्हणत असतो. भाव स्वस्त दिसतो तो पुष्कळदा याच कारणाने. हे नीट ध्यानात यावे म्हणून आम्ही स्वतः पाहून आलेल्या एका गिरणीची हकीकत येथे देत आहोत. गावाचे व माणसांचे नाव देत नाही, कारण व्यवहार अजून व्हायचा आहे.

तासगावकडील एक नदाफ बांधव गाद्या-उशांचा धंदा करतात. त्यांच्या सोबत आम्ही कराडहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आलो आणि तेथून खाडीच्या बाजूने पुढे गेलो. गिरणी भाताची होती. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, लांबी ४० फूट, रुंदी २२ फूट. मधे पडद्या घालून तीन खोल्या केलेल्या. जेथे कोंडा आणि तूस साठवीत, तेथे आता स्वयंपाकघर. मालक साठीच्या पुढचे कोकणी मुसलमान गृहस्थ, बोलण्यात गोड, चहा-खारी दिल्याशिवाय भावाचा विषय काढीनात. भाव सांगितला १६ लाख रुपये.

अशा गिरण्या विकाऊ का निघतात, हे आधी पाहू. आपल्याच भागाचा इतिहास त्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगरापासून यंत्रे घडविली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. पुढे तेथे डिझेल इंजिने होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य मंत्री होते, हे आज साताऱ्यातही फार थोड्यांना माहीत असेल. किर्लोस्करांचे ऑईल इंजिन १९४६ नंतर पुण्याहून येऊ लागले. ज्या गावात वीज नव्हती त्या गावात इंजिनावर पिठाची गिरणी, भाताची गिरणी, मिरची-हळदीचे कांडप, शेंगदाण्याचा घाणा सुरू झाला. इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा बसवीत. त्याचा 'पुक-पुक' आवाज शिवारात गेला, की बाया डोक्यावर पाट्या घेऊन निघत. पुढे वीज आली, घरोघरी छोटी चक्की आली, पिशवीबंद आटा आणि तयार तांदूळ आला. घाटाखाली तर मुले मुंबईला किंवा आखातात गेली, भातशेती पड पडली आणि गिरणीला भातच येईना. मग मालकाने इंजिन भंगारात घातले आणि भिंतींचे घर केले.

परदेशातही हे झाले आहे. इंग्लंडात समुद्राकाठच्या जुन्या पाणचक्क्या आणि पवनचक्क्या, त्यांच्या शेजारची गिरणीवाल्याची घरे, आता हौसेने राहण्यासाठी विकत घेतली जातात. पण तेथे अशी पुष्कळ घरे सरकारच्या ऐतिहासिक यादीत असतात. परवानगीशिवाय खिडकी बदलणे हाही गुन्हा ठरतो आणि आधीच्या मालकाने केलेली बेकायदा मोडतोड नव्या मालकाला स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावी लागू शकते. आपल्याकडे खेड्यातील गिरणीला ऐतिहासिक म्हणून कोणी विचारीत नाही. मात्र आधीच्या मालकाची चूक नव्या मालकाच्या गळ्यात पडते, ती येथेही पडते. फरक इतकाच, की ती सातबाऱ्यावर लपलेली असते.

म्हणून पहिला कागद सातबारा. नदाफ बांधवांना मालकाने एक जाडसर पिशवी दिली होती. तीत घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा आणि गिरणीचा जुना परवाना होता. भातगिरणीला त्या काळी १९५८ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागे. पिशवी पाहून आमच्या सोबत्यांचे समाधान झाले. आमचे झाले नाही. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी कोण भरतो हे तो सांगतो, जमीन कोणाची हे सांगत नाही. तलाठ्याकडील 'आठ अ' हा वेगळा कागद, तो खातेदाराच्या जमिनीचा. दोन्ही आठ, म्हणून पुष्कळजण येथे फसतात. शहरात किंवा मोजणी झालेल्या गावठाणात जागा असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका पाहावी लागते.

सातबारा काढला तेव्हा कळले, की गट ३४ गुंठ्यांचा आहे आणि गिरणी त्यातील सहा गुंठ्यांत उभी आहे. पिकाच्या रकान्यात भात आणि पड. अकृषिक वापराचा आदेश पिशवीत नव्हता, सातबाऱ्यावरही त्याची नोंद नव्हती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आम्ही बसलो होतो ते घर नव्हते, भाताचे शेत होते.

याचे परिणाम काय? महाराष्ट्रात कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन परवानगीवाचून विकत घेता येत नाही. आमचे कारागीर बांधव बहुतांशी बिनशेतीचे. नदाफ बांधवांच्या नावावरही कोठे गुंठाभर शेत नाही. अशाने खरेदी केली तर ती अवैध ठरण्याची भीती, आणि पैसे गेले ते गेले. ज्यांच्या वडिलांचे नाव माण, खटाव, जत, कवठेमहांकाळकडे एखाद्या कोरडवाहू तुकड्यावर असेल, त्यांनी आपले नाव वारसाने लावून शेतकरी असल्याचा दाखला जवळ ठेवावा. तो तुकडा पिकत नसला तरी अशा वेळी कामाला येतो.

दुसरी अडचण तुकड्याची. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेताचा ठरावीक मापापेक्षा लहान तुकडा तोडून विकता येत नाही. हे माप २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे खाली आणले गेले. २०२५ मध्ये शहरी आणि आराखड्यातील निवासी-व्यापारी क्षेत्रांसाठी बंधने सैल झाली. परंतु खाडीकाठच्या खेड्यातील सहा गुंठे त्यात बसतात की नाही, हे दलालाच्या तोंडून ऐकू नये. तहसील कार्यालयातून लेखी घ्यावे. यावर उपाय म्हणून काही दलाल "पूर्ण गटात अविभक्त हिस्सा घ्या, नाव लागेल" असे सुचवितात. नाव लागेलही, पण उद्या मोजणी मागितली तर गिरणी आपल्या हिश्श्यातच येईल याची हमी कोण देणार?

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्याकडे आमचे लोक फारसे पाहात नाहीत. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तेथे असतो, कुळाचे नाव तेथे असते. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, हेही वरच लिहिलेले असते. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. आणि आमच्या वाचकांसाठी एक गोष्ट अधिक. जुन्या गिरण्या पुष्कळ ठिकाणी मशिदीच्या, दर्ग्याच्या किंवा पीराच्या इनाम जमिनीवर भाड्याने उभ्या राहिल्या आहेत. कागदावर 'वहिवाटदार मुजावर' असे असते. वहिवाटदार म्हणजे मालक नव्हे. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने वक्फ मिळकतीची विक्री, बक्षीस किंवा गहाण यांना बंदी घातली आहे. विकणारा आपला आणि घेणारा आपला, म्हणून ही बंदी सुटत नाही. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीच्या आवारात आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील ती अठराव्या शतकातील चक्की. नळांनी आणलेल्या पाण्यावर ती फिरे आणि यात्रेकरूंचे पीठ दळले जाई. एखादी गिरणी वक्फची आहे की नाही हे विचारायचे ठिकाणही एका गिरणीतच, हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो.

सुदैवाने या गिरणीची जमीन वक्फची नव्हती. अडचण निघाली ती घरातच. गिरणी मालकाच्या वडिलांची. वडील वारले, मागे पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली. सातबाऱ्यावर तिघा भावांचीच नावे होती. दोन भाऊ आखातात, त्यांनी मोठ्या भावाला मुखत्यारपत्र पाठविलेले. आम्ही विचारले, "चाचा, आई आणि बहिणींची नावे?" ते म्हणाले, "बहिणींना लग्नात दिलं. आई माझ्याजवळच आहे."

लग्नात दिले, हे उत्तर आम्ही घाटावरही ऐकतो, घाटाखालीही. परंतु लग्नातील खर्चाने वारसाहक्क संपत नाही. नोंदणी केलेले हक्कसोड पत्र नसेल तर बहिणीचा हिस्सा तसाच राहतो, आणि ती किंवा तिची मुले वीस वर्षांनी दारात उभी राहू शकतात. मुस्लिम वारसा कायद्याने येथे हिस्से असे पडतात: मुले असताना विधवेला आठवा भाग, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. सगळ्याचे ६४ भाग केले तर आईचे ८, प्रत्येक भावाचे १४ आणि प्रत्येक बहिणीचे ७. १६ लाखांत एक भाग २५ हजारांचा. म्हणजे आईचे दोन लाख, भावांचे साडेतीन-साडेतीन लाख आणि बहिणींचे पावणेदोन-पावणेदोन लाख. आम्ही कागदाच्या पाठीवर हा हिशेब मांडून मालकांपुढे ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मला ठाऊक आहे. पण कोणी कधी मांडून दाखवलं नव्हतं."

मुखत्यारपत्राचीही तीच गत. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले हवे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागले पाहिजे. केवळ मुखत्यारपत्र आणि साठेखत यांवर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखताने. वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. त्याची फी वाचविणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत; मालाच्या एका खेपेत पाच पोती कमी आली तर रात्रभर झोपत नाहीत, आणि येथे सोळा लाख डोळे मिटून देतात.

आता समुद्राची गोष्ट. घाटावर आपल्याला हा कायदा माहीत नसतो. किनारी क्षेत्राचे नियमन प्रथम १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने आले, मग २०११ ची अधिसूचना आली आणि तिच्या जागी २०१९ ची. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्याखाली येतो. खाडी जेथवर भरतीचे पाणी घेते, तेथे काठापासूनची हद्द २०१९ च्या नियमाने ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेलगतच्या भागात नवे बांधकाम बंद असते. दाट वस्तीच्या गावांत ही पट्टी ५० मीटर, इतरत्र २०० मीटर. अशा पट्टीत जुन्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्राची पुनर्बांधणी करता येते. वाढ करता येत नाही. "पुढे माडीवर दोन खोल्या काढू आणि पाहुण्यांना भाड्याने देऊ," असा बेत असेल तर तो येथेच थांबतो.

म्हणून गिरणी पूर्वीपासून होती, आणि परवानगीने होती, याचा पुरावा पाहिजे. त्या पिशवीतील जुना परवाना आणि घरपट्टीच्या १९९१ पूर्वीच्या पावत्या मालकीसाठी निरुपयोगी होत्या. पण बांधकामाचे वय दाखवायला त्यांचा उपयोग आहे. त्या नीट जपायला आम्ही सांगितले. जागा हद्दीत येते की नाही, हे किनारी क्षेत्राच्या मंजूर नकाशावर गट नंबर घालून पाहावे लागते. डोळ्याने खाडी लांब दिसते, एवढ्यावर जाऊ नये.

आणि पाणी केवळ कागदावर नसते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरले तेव्हा बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचे काय झाले, हे आपल्याकडच्या ज्यांची तेथे उधारी होती त्यांना चांगले आठवते. त्याआधी २००५ चाही पूर होता. आमच्या मालकांनी भिंती नुकत्याच चुन्याने रंगविल्या होत्या. सगळे पांढरेशुभ्र. परंतु विजेच्या मीटरचा लाकडी फळा थोडा पुढे ओढला, तर मागच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर मातीची आडवी रेघ तशीच होती. रेघ दाखविल्यावर मालकांनी खरे ते सांगितले. लपविण्याचा त्यांचा हेतू असेल असे आम्हांस वाटत नाही. रंग देणारा फळ्यामागे हात घालीत नाही, एवढेच.

सांगलीकरांना पूर शिकवायला नको. १९२९ चा आयर्विन पूल आमचे मोजमाप आहे. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. हरिपूरची हळदीची पेवे २००५ च्या पुरात बुडाली आणि त्यानंतर तो पिढीजात साठवणीचा धंदाच बसला. घाटावर नदीकाठची जुनी गिरणी किंवा गोदाम घेणाऱ्याने निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पाहून घ्यावी. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत घर करण्याचा विचारही करू नये.

कागद आणि पाणी यांतून गिरणी पार पडली तरच इमारतीकडे वळावे. येथे आमचे कारागीर बांधव वकिलापेक्षा हुशार आहेत, तरी गिरणीच्या काही गोष्टी निराळ्या असतात. इंजिनाखाली काँक्रीटचा मोठा ठोकळा असतो. जमिनीवर तो गुडघ्याएवढा दिसतो, पण खाली बराच खोल गेलेला असतो. तो फोडायला मजुरी जाते आणि फोडताना बसणारे हादरे भिंतीला लागतात. त्याला तसाच ठेवून वर ओटा करावा. शिकलगार किंवा वेल्डिंगवाला असेल तर तो ठोकळा म्हणजे फुकटची दौलत. सहाणेचे यंत्र त्यावर हलणार नाही. ज्या भिंतीतून पट्टा जाई तेथील भोक विटांनी बुजविलेले असते. ते बोटाने ठोकून पाहावे. इंजिनाच्या वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी कोपऱ्यात तिरक्या चिरा जातात. कोयना परिसरात तर ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या चिराही जुन्या भिंतीत असतात. चिरेवर कागदाची पट्टी चिकटवून दोन महिने ठेवावी. पट्टी फाटली तर चीर अजून चालू आहे.

डिझेल आणि तेल जमिनीत मुरलेले असते. त्यावर फरशी बसत नाही, सिमेंट धरत नाही. तेवढा थर खरवडून काढावाच लागतो. विहीर जवळ असेल तर पाण्याला वास येतो काय, ते पाहावे. जांभ्याची भिंत चुन्यात बांधलेली असते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा करू नये. आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. चुन्याचाच गिलावा करावा. कैच्या, वासे, रिपा यांत वाळवी पाहावी. खाऱ्या हवेने लोखंड खाल्ले जाते. गजांवर रंग असला तरी सुरीने टोचून पाहावे. चिपळूणकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तासगाव-जतकडील माणसाला त्याची कल्पना येत नाही. कौले दरवर्षी चाळावी लागतात आणि तो खर्च कायमचा.

आमच्या सोबत्यांचा विचार गिरणीत राहायचे आणि पुढच्या भागात गाद्यांचे दुकान घालायचे असा होता. येथे आम्हांस बोलावे लागले. कापूस ओल धरतो. पावसाळ्याचे चार महिने खाडीकाठी पिंजलेला कापूस जड होईल, वास धरील, आणि गिऱ्हाईक परत आणील. धंदा आठ महिन्यांचाच धरून हिशेब करावा. मिरजेचे सतारमेकरही आपला भोपळा आणि लाकूड अशा हवेत कधी ठेवणार नाहीत. मूळच्या शिकलगारांनी उभा केलेला त्यांचा धंदा, २०२४ मध्ये ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तो कोरड्या हवेतच वाढला आहे. उलट सुकी मासळी, कोकम, काजू यांत उतरायचे असेल, किंवा घाटावरची हळद-मिरची खाली विकायची असेल, तर गिरणीच्या जाड भिंतींचे कोरडे केलेले एक दालन चांगले गोदाम होते. जागा पाहून धंदा बदलणे सोपे नाही, हेही खरे.

विजेचे कनेक्शन गिरणीचे, म्हणजे औद्योगिक, आणि मंजूर भार मोठा. घर म्हणून वापर करायचा तर वर्ग बदलून घ्यावा लागेल. जुनी थकबाकी असेल तर महावितरण नव्या मालकाकडे मागू शकते; म्हणून 'थकबाकी नाही' असे पत्र मालकाकडून आधीच घ्यावे. आणखी एक बारीक गोष्ट. स्त्रीच्या नावावर निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. पत्नीच्या नावे घ्यायचा विचार पुष्कळजण करतात. पण कागदावर गिरणी किंवा शेत असेल तर निवासी घराची सवलत कोठून मिळणार? मुद्रांक शुल्क सांगितलेल्या भावावर नव्हे, तर तो भाव आणि सरकारी बाजारमूल्य यांत जास्त असेल त्यावर भरावे लागते. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये.

इसाराबद्दल. आमच्यात अजून रोखीचा व्यवहार आवडतो. स्थावर मिळकतीसाठी २० हजार रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच. दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नव्हे, असे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. रोख दिलेल्या पैशाचा पुरावाच देणाऱ्याजवळ राहात नाही. इसार चेकने द्यावा आणि पावतीत तीन अटी लिहून घ्याव्यात: सर्व वारसांच्या सह्या, जमीन घेण्याची परवानगी किंवा अकृषिक वापराचा आदेश, आणि किनारी हद्दीचा नकाशा. यांतील एकही ठरल्या मुदतीत न झाल्यास इसार परत.

आम्ही निघताना मालकांनी दोघी बहिणींचे पत्ते स्वतःच लिहून दिले. एक मुंब्र्याला असते, दुसरी जवळच्याच गावात. पुढच्या आठवड्यात ते स्वतः थोरलीकडे गेले, असे नदाफ बांधवांनी आम्हांस कळविले. ती म्हणाली, की अब्बांच्या गिरणीचे कोणी आजवर मला विचारलेच नव्हते. सही द्यायला हरकत नाही, पण हिस्सा चेकने घेईन. धाकटीचे उत्तर अजून आलेले नाही. अकृषिक वापराची विचारणा तहसीलदारांकडे दिली आहे. इसार दिलेला नाही. नदाफ बांधव म्हणतात, जुलैत एकदा जोराचा पाऊस लागला की चार दिवस तेथेच मुक्काम करतो, खाडीचे पाणी कोठवर येते ते पाहतो आणि मग भावाचे बोलतो.